विषय: बोकाशीची बादली उघडली, आत सगळं जसंच्या तसं!

नमस्कार मंडळी,

मागे इथे बोकाशीची (जिवाणूंचा कोंडा घालून ओला कचरा हवाबंद बादलीत मुरवायची जपानी रीत) चर्चा झाली तेव्हा हौसेने बादली आणली. रोजचं उरलंसुरलं टाकलं, वर कोंडा भुरभुरला, दाबलं, झाकण लावलं. भरल्यावर पंधरा दिवस हातही लावला नाही. आज उघडली तर केळ्याची साल ती केळ्याची साल, गाजराचे तुकडे तसेच, अंड्याची टरफलंसुद्धा ओळखू येतात. वरून पांढरी लव आलीय. खत कुठे आहे? माझं काही चुकलं का? घरात "मी सांगितलं होतं" सुरू झालंय, तेव्हा उत्तर जरा लवकर द्या.

*

उत्तर: बोकाशीची बादली उघडली…

ताई, फेकू नका! तुमची बादली उत्तम जमलीय.

> पांढरी लव आलीय

ती आलेली चांगलीच. हिरवी, निळी किंवा काळी बुरशी दिसली तर काळजी करायची. आणि नाकाला विचारा: लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास असेल तर जमलं, सडका येत असेल तर बिघडलं.

> खत कुठे आहे?

अजून व्हायचंय! बोकाशीला सरसकट कंपोस्ट म्हणतात म्हणून हा घोळ होतो. बादलीत चालतं ते कुजणं नव्हे, आंबणं. लोणच्यातली फोड वर्षभर मुरली तरी फोडच राहते ना, तसं. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि यीस्ट हवेवाचून साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास उतरला की कुजवणाऱ्या जिवाणूंचं तिथे काही चालत नाही. म्हणून तर घाण वास नाही, आणि म्हणूनच सालही शाबूत. तिचा आकार मोडायचा तो मातीतल्या जिवांनी.

कोंडा म्हणजे या सगळ्याचं विरजण. गव्हाच्या कोंड्यात काकवी, पाणी आणि जिवाणूंचं मिश्रण कालवतात, दोनेक आठवडे हवाबंद ठेवतात आणि मग वाळवतात. ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठाचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात 'ईएम' (इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीव) या नावाने अशी मिश्रणं पुढे आणली. कोंडा-पेंड आंबवून शेतात घालायची जपानी शेतकऱ्यांची रीत मात्र त्याहून जुनी.

आता पुढचं काम. अंगण असेल तर वीतभराहून थोडा जास्त खोल खड्डा घ्या. बादली त्यात रिकामी करून मातीत नीट कालवा, गोळे राहू देऊ नका, आणि वर चांगला थर ओढा. निदान दोन आठवडे तिथे काही लावू नका. माल आंबट असतो, कोवळी मुळं भाजतात. गॅलरीच असेल तर झाकणाचा मोठा टब घ्या. तळाला माती, मध्ये बादलीतला माल मातीत मिसळून, वर पुन्हा माती. कुंड्यांतली जुनी, दमलेली मातीही चालते, उलट तिचं भलंच होतं. उबदार जागी तीन-चार आठवड्यांत फारसं काही ओळखू येणार नाही. गारठ्यात वेळ लागतो.

टरफलं मात्र तशीच राहतील. त्यांचं मनावर घेऊ नका.

*

उत्तर: बोकाशीची बादली उघडली…

माझी फजिती सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची व्हायला नको. बादलीला खाली तोटी असते ती शोभेला, असं समजून मी तीन आठवडे ती उघडलीच नाही. मालातून झिरपलेला रस चढत तळाच्या जाळीच्याही वर आला आणि खालचा माल त्यात बुडून सडला. झाकण उचललं आणि सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या! तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी तोटी सोडते. कधी पेलाभर निघतं, कधी थेंबही नाही. सालीदेठं जास्त असतील तर जास्त निघतं, त्यामुळे न निघालं तरी घाबरू नका.

तो रस कुंड्यांना तसाच घालू नका, फार आंबट असतो. एका भागाला शंभर भाग पाणी, म्हणजे झारीत दोन-तीन चमचे पुरे. आणि त्याच दिवशी वापरा, ठेवला की बिघडतो. मी निम्मा सरळ मोरीत ओतते, नळीतला वास कमी झाल्यासारखा वाटतो. वाटतो म्हणते, हमी देत नाही.

अजून एक. दर वेळी झाकण उघडलं की हवा आत जाते. मी दिवसभराचं एका डब्यात साठवते आणि रात्री एकदाच टाकते: बोटभर थर, मूठभर कोंडा, वर ताटली ठेवून दाबायचं.

*

उत्तर: बोकाशीची बादली उघडली…

मंडळी, कौतुक पुरे झालं, आता एक कुरकुर. शेवटी मातीतच पुरायचं तर आधी बादलीत आंबवायचा खटाटोप कशाला? परसात ढीग लावा, वाळकी पानं घाला, महिन्यातून दोनदा वरखाली करा. कोंडा विकत आणायला नको. आणि बोकाशीत कर्ब वाया जात नाही असं जे छापतात, ते बादलीपुरतं खरं. मातीत गेल्यावर तिथले जीव तो खाऊन त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड करून सोडतातच की.

*

उत्तर: बोकाशीची बादली उघडली…

काका, कर्बाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. परस असेल, वाळकी पानं असतील आणि ताटात उरलेलं फारसं नसेल तर ढीगच लावावा, मीही तेच सांगेन. पण शिजलेलं अन्न, मासळीचे काटे, चीज हे ढिगात टाकलं की उंदरांना आवतण. बादलीत ते सगळं चालतं. फक्त मोठी हाडं, पातळ आमटीसारखं काही आणि आधीच हिरवी बुरशी धरलेलं टाकू नये. शिवाय ज्यांच्याकडे सिंकखालची दीड फूट जागाच आहे, त्यांनी ढीग कुठे लावायचा?

गांडुळांबद्दल कुणीतरी मला वेगळं विचारलं होतं, तेही इथेच सांगतो. गांडुळांच्या पेटीत हा माल एकदम उपडा करू नका, आंबटपणाने ती पळ काढतात. आधी एका कोपऱ्यात मूठभर मातीत मिसळून घाला. आठवड्याभरात ती आपणहून त्यात शिरलेली दिसतील.

*

उत्तर: बोकाशीची बादली उघडली…

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे टबात माती घालून कालवलं होतं, त्याला आज चोविसावा दिवस. खुरप्याने उकरलं. केळ्याची साल नाही, गाजर नाही, काळपट भुसभुशीत माती आणि पावसानंतर येतो तसा वास. टरफलं आहेत. आणि फळांवरची प्लास्टिकची गोल स्टिकरं निघाली, अकरा, एकूण एक चकचकीत! आता साल टाकण्याआधी स्टिकर काढते.

दुसरी बादली परवा भरली. कोंडा संपत आलाय. घरी कुणी करत असेल तर प्रमाणासकट कृती टाका, काकवी माझ्याकडे आहे.