'रंकाळ्यावर' : ऑन, ॲट की टू?

विचारणा : मुलगी पाचवीत आहे, सेमी-इंग्लिशला. 'आम्ही रविवारी रंकाळ्यावर गेलो' (रंकाळा म्हणजे आमचं कोल्हापूरचं तळं) याचं तिनं 'वी वेन्ट ऑन रंकाळा ऑन संडे' असं केलं. बाईंनी पहिल्या 'ऑन'वर लाल रेघ मारली, दुसरा बरोबर दिला. आता ती मला धारेवर धरते : 'रंकाळ्यावर'मध्ये 'वर' आहे, तिथला ऑन चूक. 'रविवारी'मध्ये 'वर' नाहीच, तिथला ऑन बरोबर. हे कसं? मला काही सांगता येईना.

उत्तर : ताई, पोरगी हुशार आहे, तिला रागावू नका. 'वर म्हणजे ऑन' असं पाठ करून घेतात, गोंधळ तिथंच सुरू होतो. आपण 'रंकाळ्यावर' म्हणतो तेव्हा पाण्यावर चालत नाही, काठावर भेळ खात बसतो. गेलो म्हटलं की इंग्रजीला टू लागतो : वी वेन्ट टू रंकाळा. तिथं होतो म्हटलं की ॲट. ऑन द लेक म्हटलं तर ऐकणाऱ्याला बहुधा होडी दिसेल.

ऑनमध्ये मुख्य गोष्ट आहे ती टेकण्याची. भिंतीवरचं घड्याळ ऑन, आणि छताला चिकटलेली पालही ऑनच, मराठीत तिथं 'ला' असला तरी. डोक्यावर फिरणारा पंखा टेकलेला नाही, म्हणून तो ओव्हर किंवा अबव्ह. दारावर पाटी आहे, तो ऑन. दारावर पोस्टमन आलाय, तो ॲट. मराठीला एका 'वर'मध्ये हे सगळं भागतं.

वाराचं आणि तारखेचं मात्र सरळ पाठ करायचं : ऑन संडे, ॲट फाइव्ह, इन जानेवारी. त्यात सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग आणि रात्री म्हणजे ॲट नाइट. का, ते पाचवीतल्या पोरीला सांगत बसू नका.

दुसरं उत्तर : सर, थोडी हरकत. कोल्हापूर इज ऑन द पंचगंगा हे तर बरोबर आहे ना? शहर काही पाण्यावर तरंगत नाही.

उत्तर : बरोबर पकडलंत. नदीकाठी किंवा तळ्याकाठी वसलेलं गाव, घर, हॉटेल असेल तर ऑन चालतो, कारण ते त्या काठाला लागून आहे. फिरायला गेलेल्या माणसाला तो लावत नाहीत. पत्त्याचंही तसंच : इन कोल्हापूर, ऑन स्टेशन रोड, ॲट बिंदू चौक. आधी शहर, मग रस्ता, मग नेमका ठिपका.

माझ्याकडं रात्रीच्या वर्गाला शिरोली एमआयडीसीतली फौंड्रीची पोरं येतात. त्यांना 'वर'पेक्षा 'पासून' जास्त छळतं. मुलाखतीचा सराव घेताना एकानं छाती पुढं काढून सांगितलं, 'आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम टू इयर्स.' पासून म्हणजे फ्रॉम, हे शाळेतलं पाठांतर! किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर : आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स. कधीपासून ते सांगायचं असेल तर सिन्स : सिन्स 2019. त्याला म्हटलं, भावा, आकडा मोजून सांगतोयस की कॅलेंडरवर बोट ठेवतोयस, एवढंच बघ. त्याचं त्या दिवसापासून चुकलं नाही. 'त्या दिवसापासून' म्हणजे सिन्सच.

तिसरं उत्तर : केएमटीत, म्हणजे शहर बसमध्ये, बसलो म्हणजे ऑन द बस आणि रिक्षात बसलो म्हणजे इन. आमच्या सरांनी ढोबळ खूण दिली होती : आत उभं राहून दोन पावलं चालता आलं तर ऑन. मोटरसायकलला ती लागू नाही, पण तिथं मराठीही 'गाडीवर'च म्हणते.

विचारणा करणाऱ्या ताई : सगळं तिला वाचून दाखवलं. आता विचारते, 'बाई माझ्यावर चिडल्या' यात तरी ऑन आहे का?

उत्तर : नाही. विथ. अँग्री विथ मी.