जॉनी लीच मुंबईत नेमका कोणाकडून हरला?

प्रश्न
१९५२ सालची जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत, ब्रेबर्न स्टेडियमवर भरली होती. माझे आजोबा ती पाहायला गेले होते आणि जपानच्या सातोने अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जॉनी लीचला हरवले, असे ते शेवटपर्यंत ठासून सांगत. नोंदींत मात्र तेथे लीचचे नाव सापडत नाही. हा लीच खरोखरच एवढा मोठा खेळाडू होता का?

प्रतिसाद १
एकेरीच्या अंतिम सामन्यात हिरोजी सातोसमोर हंगेरीचा कोचियान होता. लीच गतविजेता म्हणून आला होता, हे खरे. पुरुष दुहेरीत तो रिचर्ड बर्गमनसह अंतिम फेरीपर्यंत पोहोचलाही, पण तेथे फुजी आणि हायाशी या जपानी जोडीने त्यांना हरवले. आजोबांच्या आठवणीत हे दोन सामने एकमेकांत मिसळले असावेत.

प्रतिसाद २
मोठा तर होताच. १९२२ साली लंडनमध्ये जन्मलेल्या लीचचा खेळ घडला तो युद्धकाळात, हवाई दलात असताना जॅक कॅरिंग्टनबरोबर केलेल्या सरावातून; १९४७ साली पॅरिसला हीच जोडी दुहेरीत उपविजेती ठरली. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमला वान्याला आणि १९५१ मध्ये व्हिएन्नाला आंद्रेआदिसला नमवून तो एकेरीचा जगज्जेता झाला. इंग्लंडकडून खेळून जगज्जेता झालेला बर्गमन मूळचा व्हिएन्नाचा, त्यामुळे इंग्लंडमध्येच जन्मून हा मान मिळवणारे पुरुष दोनच: १९२९ चा फ्रेड पेरी आणि लीच.

प्रतिसाद ३
मुंबईत केवळ खेळाडू हरले असे म्हणणे मला अपुरे वाटते. लीचच्या पिढीची बॅट दाणेदार रबराची. चेंडू लागला की टक् असा आवाज होई आणि फटक्याचा जोर त्यावरूनही ताडता येई. सातोच्या बॅटवर जाड स्पंज होता, त्यामुळे तो आवाजच नाहीसा झाला. स्पंजच्या जाडीवर नियमाने बंधन आले ते १९५९ साली. लीचला एकेरीचे जगज्जेतेपद पुन्हा मिळाले नाही, तरी १९५३ साली बुखारेस्टला स्वेदलिंग चषक, म्हणजे पुरुषांचे सांघिक जगज्जेतेपद, जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात तो होता. अर्थात त्या वर्षी जपान उतरलाच नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आवाजाचा उल्लेख वाचून आठवले, की ही गोष्ट सांगताना आजोबा टेबलावर बोटाने टकटक करीत आणि सातोची पाळी आली की बोट हवेतच थांबवीत.