शब्दचर्चा : पेशीच्या आत राहणारा जीवाणू – अंतःसहजीवी, आंतरसहजीवी की अंतर्जीवी?

अनुवादू : पॅरामिशियम, अमिबा अशा एकपेशीय जीवांच्या पेशीतच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जीवाणूंवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘एंडोसिम्बायंट’ला तीन प्रतिशब्द दिसतात : अंतःसहजीवी, आंतरसहजीवी, अंतर्जीवी. कोणता घ्यावा? आणि ‘होस्ट’ म्हणजे यजमान की पोशिंदा?

अनुस्वार : आंतरसहजीवी नको. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय या शब्दांमुळे ‘आंतर’ म्हटलं की दोहोंमधलं काहीतरी असं डोक्यात येतं. इथे अर्थ ‘आतला’ असा आहे. संधीच्या हिशेबानेही स-पूर्वी विसर्ग टिकतो, म्हणून अंतःसहजीवी. ज-पूर्वी र येतो, म्हणून अंतर्जीवी. दोन्ही शुद्ध आहेत, पण दुसऱ्यातून ‘सह’ गळलं आहे. आतड्यातला जंतही अंतर्जीवीच म्हणायचा मग.

भिंगवाला : ‘सह’ गळणं कधीकधी सोयीचंच असतं. मराठीत सहजीवन म्हटलं की गुण्यागोविंदाने नांदणं आलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारीने १८७९ मध्ये ‘सिम्बायोसिस’ची व्याख्या केली तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र राहणं एवढंच म्हटलं होतं, परजीवीही त्यात बसत होते. एकपेशीयांच्या पोटातल्या बहुतेक जीवाणूंबाबत फायदा कोणाचा हे सिद्ध झालेलं नसतं. त्यामुळे अंतःसहजीवी हा शब्द फक्त जागा आणि टिकून राहणं सांगण्यासाठी वापरा. नफा-नुकसान वेगळ्या वाक्यात, पुराव्यासह.

होलोस्पोरा हा जीवाणू घ्या. पॅरामिशियम कॉडेटमच्या केंद्रकातच राहतो. एक जाती मोठ्या केंद्रकात, दुसरी लहान केंद्रकात. आत वाढणारं रूप आखूड, संसर्ग करणारं रूप लांबुळकं, १० मायक्रोमीटरच्या वर. ते बाहेर पडतं, दुसऱ्या पॅरामिशियमच्या अन्नरिक्तिकेत (गिळलेलं अन्न पचवणाऱ्या पेशीतल्या पिशवीत) गिळलं जातं आणि तिथून निसटून केंद्रक गाठतं. याला अंतःसहजीवी म्हणतात, पण वागणूक परजीवीची.

अनुवादू : आणि पॅरामिशियममधले कप्पा कण? त्यांना ‘कण’ का म्हणतात?

भिंगवाला : कारण ते जीवाणू आहेत हे आधी माहीत नव्हतं. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सोनबॉर्नने १९३८ मध्ये पॅरामिशियमचे ‘मारक’ वाण दाखवले. ज्या पाण्यात ते वाढले त्यात दुसरे वाण मरत. हा गुण पेशीद्रवातून वारशाने जातो, म्हणून आत काही जनुकसदृश कण, म्हणजे ‘कप्पा’, असावेत असं मानलं गेलं. पुढे ते कॅडिबॅक्टर जीवाणू निघाले. काही कप्पांमध्ये प्रथिनाच्या फितीची घट्ट गुंडाळी असते. असा कप्पा बाहेर पडून दुसऱ्या पॅरामिशियमने खाल्ला, की अन्नरिक्तिकेतल्या आम्लतेने फीत झटक्यात उलगडते, कप्पा फुटतो आणि खाणारा मरतो. ज्याच्या आत कप्पा आहे तो मात्र वाचतो. आज लिहिताना ‘कप्पा जीवाणू’ म्हणा. ‘कप्पा कण’ इतिहास सांगतानाच.

एक व्यवहारातली अडचण : भरपूर खायला देऊन पॅरामिशियम भराभर वाढवला तर त्याची विभाजनं कप्पाच्या पुढे जातात, दर पेशीमागे कप्पा कमी होत जातात आणि वाण मारक राहत नाही. असे वाण सांभाळताना अन्न हात राखूनच द्यावं लागतं.

पाणथळ : यजमान-पोशिंदा वादात माझं मत यजमानला. पोशिंदा म्हणजे पोसणारा, आणि इथे कोण कोणाला पोसतं तेच तर शोधायचं असतं. कीटकांच्या आतड्यातल्या अँगोमोनास या एकपेशीय जीवात दर पेशीत एकच जीवाणू असतो, यजमानाच्या विभाजनाशी ताल धरून तोही विभागतो, आणि हीम व काही अमिनो आम्लं तोच तयार करून देतो. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने तो काढला की यजमानाला ही द्रव्यं पोषकद्रव्यातून द्यावी लागतात. इथे पोशिंदा कोण?

अनुस्वार : यजमान ठीक. फक्त ‘सहजीवन’ आणि ‘यजमान’ एकाच वाक्यात आले की लग्नाच्या वाढदिवसाचा लेख वाटतो, तेवढं सांभाळा. ‘यजमान पेशी’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

अनुवादू : मग ‘अनिवार्य अंतःसहजीवी’ कधी म्हणायचं?

भिंगवाला : आधी अनिवार्य कोणाला ते लिहा. जीवाणू बाहेर वाढत नाही ही एक गोष्ट, यजमान त्याच्याविना जगत नाही ही दुसरी. युप्लोटीस एडिक्युलेटस या एकपेशीय जीवाला पेनिसिलिन दिलं की आतला पॉलिन्यूक्लिओबॅक्टर हा जीवाणू मरतो, मग यजमानाची विभाजनं थांबतात आणि तोही मरतो. हे यजमानाचं अवलंबन. ते नवीनही असू शकतं : क्वांग जिऑन या संशोधकाच्या प्रयोगशाळेतल्या अमिबा प्रोटियसमध्ये १९६६ मध्ये जीवाणूंचा संसर्ग झाला, सुरुवातीला अमिबे मरत होते, तगलेल्यांत पेशीमागे सुमारे ४० हजार जीवाणू स्थिरावले आणि काही वर्षांत अमिबाला त्यांच्याशिवाय जगता येईना. एकच जोडी, आधी ‘परजीवी’, नंतर ‘अनिवार्य अंतःसहजीवी’.

पण हे शब्द लावण्याआधी दिसणारा जीवाणू खाल्लेला नाही ना, ते पाहायला हवं. बारीक पिपेटने एकेक पेशी उचलून निर्जंतुक माध्यमाच्या पाच-सहा थेंबांतून धुवायची, दिवसभर उपाशी ठेवायची म्हणजे अन्नरिक्तिका रिकाम्या होतात, पुन्हा धुवायची, मग रंगवायची. डॅपी हे रंजक डीएनए असेल तिथे चमकतं, तंतुकणिकांमध्येही. नुसते निळे ठिपके पुरावा नव्हेत. विशिष्ट जीवाणूच्या आरएनएला चिकटणारा प्रदीप्त (प्रकाश टाकला की चमकणारा) शोधक वापरावा. शैवाल खाणाऱ्या पेशीत हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं, म्हणून शोधक न घातलेला नमुना शेजारी हवाच. प्रतिजैविकाच्या प्रयोगातही तोच घोळ : यजमान मेला तो अन्नाचे जीवाणू मेल्यामुळे उपासमारीने, की औषधाच्या विषारीपणाने? तुलनेला त्याच जातीचा, पण आतल्या जीवाणूविना जगणारा वाण मिळाला तर उत्तर सोपं.

पाणथळ : पुढचा गुंता अंगकाचा : आतला जीव पेशीचाच अवयव कधी मानायचा? २०२४ मध्ये ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या सागरी शैवालातल्या नत्र स्थिर करणाऱ्या सायनोबॅक्टेरियाला ‘नायट्रोप्लास्ट’ म्हटलं गेलं, कारण यजमानाने बनवलेली प्रथिनं त्याच्या आत जातात आणि त्याचं विभाजन पेशीच्या विभाजनाशी बांधलेलं आहे. ‘नत्रलवक’ करावं का?

अनुस्वार : नको. लवक हा शब्द हरितलवकाच्या कुळाला बांधलेला आहे, वाचक याला त्याचाच भाऊ समजेल. ‘नायट्रोप्लास्ट हे नत्र स्थिर करणारं पेशीअंगक’ असं एकदा लिहा, पुढे नायट्रोप्लास्टच चालवा.

अनुवादू : शेवटचं : ऑक्सिजनविरहित गाळातल्या सिलिएटांमध्ये (पॅरामिशियमसारख्या केसाळ एकपेशीयांमध्ये) मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांनाही ‘अंतःसहजीवी जीवाणू’ लिहिलं तर?

भिंगवाला : चूक होईल. ते आर्किया आहेत, म्हणजे केंद्रक नसलेल्या सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट, जीवाणू नव्हेत. ‘अंतःसहजीवी मिथेनजनक आर्किया’ लिहा. सूक्ष्मदर्शीत ओळखूही येतात : ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला की त्यांच्यातल्या एफ-४२० या सहविकरामुळे (विकराला मदत करणाऱ्या रेणूमुळे) न रंगवताच निळसर हिरवे चमकतात. प्रकाश फार वेळ ठेवू नका, चमक लवकर विझते.