मदत हवी आहे: चौथीला भूगोल, हवामान बदल आणि आदिवासी संस्कृती एकाच प्रकल्पात (गोवा)

आबोली_टीचर
पुढच्या शुक्रवारी पालकांसमोर प्रकल्प मांडायचा आहे. विषय वरून ठरून आलाय, तिन्ही एकत्रच हवेत. नेटवर मिळतं ते सगळं ध्रुवीय अस्वलं, हिमनग आणि डोक्यावर पिसं लावलेली माणसं. आमच्या मुलांना बर्फ माहीत आहे तो मासळीबाजारातला. कृपया थेट करता येईल असं काही सांगा. चार्ट नकोत, ते करून झालेत.

निवृत्त_मास्तर
शाळा कुठल्या तालुक्यात? मुलं किती? बाहेर न्यायची परवानगी आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

रानवाट
सरळ उसगाळीमळला न्या. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी जांभ्याच्या कातळावर कोरलेले बैल, माणसं आणि गोल चक्रव्यूह आहे. १९९३ साली ही चित्रं लोकांसमोर आली, पण गावच्यांना आधीपासून ठाऊक होती. मुलं त्या चक्रव्यूहाच्या रेषेवरून बोट फिरवत बसतात, हलत नाहीत.

आबोली_टीचर
तिसवाडी. सांग्याला जाऊन यायला बस नाही, पैसे नाहीत, पूर्ण दिवसही नाही. तास ४० मिनिटांचा.

बर्फाळ_विज्ञान
एका ग्लासात पाणी, त्यात बर्फ. वितळला की पातळी वाढते, हवामान बदल समजला. पाच मिनिटांचं काम.

निवृत्त_मास्तर
तरंगता बर्फ वितळून पातळी वाढत नाही हो! बर्फ पाण्याबाहेर दगडावर ठेवा, म्हणजे तो जमिनीवरचा बर्फ झाला, मग वाढेल. शिवाय समुद्र तापून फुगतो, ते या ग्लासात दिसतच नाही. चौथीतल्या मुलाच्या डोक्यात चुकीचं बसलं की दहावीपर्यंत निघत नाही.

काजूबी
टीचर, कुणबी साडी नेसवून मुलींचा धालो नाच बसवा. लाल चौकडीची साडी, खांद्यावर गाठ, केसांत फुलं. पालक खूश होतात. आमच्या शाळेत केलं होतं.

वेळीपघरची
कृपा करून नको. धालो पौषात, रात्री, मांडावर म्हणजे गावच्या ठरलेल्या पवित्र जागेत होतो. श्रावणात स्टेजवर तीन मिनिटं नाचवून त्यातलं काय उरतं? गोव्यात दर दहा माणसांत साधारण एक जण अनुसूचित जमातीचा आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांची नोंद २००३ साली झाली. म्हणजे टीचरच्या वर्गातच ती मुलं असणार. त्यांच्या आजीची साडी दुसऱ्या मुलीला 'वेश' म्हणून नेसवली तर ते मूल काय समजेल? मी लहानपणी ते सोसलंय. त्यांच्या घरच्यांना काय येतं ते विचारा, त्यांना शिकवू द्या.

काजूबी
आम्ही प्रेमानेच केलं होतं. साडी लोकांना माहीत होण्यात वाईट काय?

वेळीपघरची
साडी माहीत व्हावीच. विणणाऱ्यांची, नेसणाऱ्यांची नावं आणि काम यांच्यासकट व्हावी.

पणजीचा_पाऊस
हवामान बदलाचं उदाहरण हवं तर २ ऑक्टोबर २००९चा काणकोणचा पूर. आणखी काय पुरावा पाहिजे?

निवृत्त_मास्तर
एका दिवसाच्या पावसावरून हवामान ठरत नाही, निदान ३० वर्षांची सरासरी बघतात. पूर जरूर सांगा, पण पुरावा म्हणून नको.

पणजीचा_पाऊस
मास्तर, घरात पाणी शिरलेल्याला सरासरी सांगून बघा. आणि म्हादई नदीचं पाणी वळवलं तर…

खाजनराखण
म्हादईवर वेगळा धागा काढा. टीचर, तिसवाडीत आहात तर शाळेच्या आसपास खाजन, म्हणजे खाऱ्या नदीकाठची बांध घातलेली शेतजमीन, आहे का?

आबोली_टीचर
शाळेच्या मागेच आहे. बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार), सगळं. त्यात शिकवण्यासारखं काय?

खाजनराखण
तुमचे तिन्ही विषय तिथेच आहेत. शेताची जमीन भरतीच्या पातळीखाली, नदी खारी, मध्ये मातीचा बांध. हा झाला भूगोल. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची फळी आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पोर्तुगीज १५१० मध्ये आले त्याच्या कितीतरी आधीपासून गावकरीतल्या, म्हणजे गावची जमीन मिळून सांभाळणाऱ्या संस्थेतल्या, लोकांनी हे सांभाळलं, आणि बांधावर चिखल टाकणाऱ्या हातांत गावड्यांचे हात होते. त्यांचं ज्ञान ते हेच.

वर्गात करा: पसरट परातीत मातीचा बांध, त्यात एक भोक, भोकाला नदीच्या बाजूने जुन्या फाईलच्या प्लॅस्टिकचं झाकण, फक्त वरच्या कडेला चिकटवलेलं. बाहेर पाणी ओता, झाकण मिटतं. बाहेरचं काढून आत ओता, उघडतं. मग बाहेर आणखी एक तांब्या ओता. पाणी बांधावरून आत आलं की मुलं ओरडतात. १९०१ ते २०१८ या काळात जगभर समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला, तेवढं पट्टीवर दाखवा. आजच दोन वाट्यांत मूग रुजवा, एकीला साधं पाणी, दुसरीला मिठाचं. शुक्रवारपर्यंत फरक दिसेल.

बार्जवाला
सगळं समुद्रावर ढकलू नका. कुर्ल्या (खेकडे) बांधात बिळं करतात, नदीतल्या मालवाहू बार्जच्या लाटांनी कड ढासळते, आणि आता डागडुजीला माणूस मिळत नाही. बांध फुटला की दोन-तीन वर्षांत शेतात खारफुटी उभी राहते.

खाजनराखण
बरोबर. हीच कारणं मुलांना शोधायला लावा. चढता समुद्र पडक्या बांधाला आधी गाठतो.

सरकारी_नोकरी
प्राथमिक शिक्षक भरतीची जाहिरात कधी येणार, कुणाला माहिती आहे का?

निवृत्त_मास्तर
टीचर, बांधावर नेणार असाल तर पावसात निसरडं असतं. दर दहा मुलांमागे एक पालक, आणि कुणी बांधाच्या नदीकडच्या अंगाला उभं राहायचं नाही. मोरमुगावच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा, पण नदीत आत आलं की वेळ थोडी मागे पडते.

आबोली_टीचर
सगळ्यांचे आभार. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा मानशीवर मासे धरायचे हे आज कळलं. उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाते. त्यांना आवडलं तर शुक्रवारी तेच बोलतील, मुलं प्रश्न विचारतील. बांधावर बुधवारी, ओहोटीच्या वेळी, मधल्या सुट्टीचा भाजीपाव यायच्या आत परत. परात आत्ताच करून पाहिली, पण झाकण नीट मिटत नाही, तरंगून वर येतं. काय करू?

खाजनराखण
खालच्या कडेला एक रुपयाचं नाणं चिकटवा. आणि भोक झाकणापेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान ठेवा.