मदत हवी आहे : सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि कमरेतून मॉर्फिन

मंडळी, सासूबाईंचं (वय ७१) नी रिप्लेसमेंट पुढच्या आठवड्यात ठरलंय, इथेच ठाण्यात. भूलतज्ज्ञ म्हणाले, कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करू, त्याच सुईतून थोडं मॉर्फिन सोडू, पहिली रात्र बरी जाईल. नाहीतर एपिड्यूरलची नळी (पाठीत मणक्याजवळ बारीक नळी, तिच्यातून औषध सोडत राहतात) ठेवू.

मॉर्फिनचं नाव ऐकून नणंदेने घर डोक्यावर घेतलंय. तिच्या मते ते फक्त कॅन्सरवाल्यांना देतात आणि एकदा दिलं की सवय लागते. मला सवयीची एवढी धास्ती नाही. सासूबाई प्रचंड घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून सुरू होतो. स्लीप स्टडी झाली, सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आणलं, ते कपाटात पडून आहे. ("तोंडाला मुसकं बांधून कोण झोपणार?") अशा माणसाला मॉर्फिन चालतं का? आम्ही नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, त्यामुळे त्या लवकर चालत्या व्हायला हव्यात.

प्रतिसाद १ (वाशी, भूलतज्ज्ञ आहे) :
ताई, नणंदबाईंना सांगा, हा एकच डोस असतो, साधारण १०० मायक्रोग्रॅम. शिरेतून द्यावं लागतं त्यापुढे हे किंचितच. थेट मज्जारज्जूवर काम करतं म्हणून इतकं पुरतं, आराम १८ ते २४ तास. एवढ्याने सवय लागत नाही.

घोरण्याचा मुद्दा मात्र अगदी रास्त. मॉर्फिन पाण्यात विरघळणारं, त्यामुळे मणक्यातल्या पाण्यातून हळूहळू वर मेंदूकडे सरकतं आणि श्वास काही तासांनी, कधी मध्यरात्रीही, मंदावू शकतो. त्याच जातीचं दुसरं औषध, फेंटानिल, चरबीत विरघळतं, जागच्या जागी मुरतं, पण काही तासांतच उतरतं. स्लीप स्टडीचा रिपोर्ट भूलतज्ज्ञांना दाखवाच. ते मॉर्फिन गाळून मांडीत अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक (गुडघ्याकडे जाणाऱ्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) देऊ शकतील, जोडीला पॅरासिटामॉल. त्या ब्लॉकने मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, चालवायला सोपं जातं. मॉर्फिन द्यायचंच ठरलं तर सीपॅप हॉस्पिटलात न्या, आणि पहिले २४ तास दर तासाला श्वास आणि गुंगी कोण बघणार, ते आधी विचारा. नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्यावर जाऊ नका. नळीतून ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ छान दिसतो. उतारा म्हणून नॅलोक्सोन असतं.

प्रतिसाद २ (ऐरोली) :
आमच्या आईला दिलं होतं. दुखलं नाही फारसं, पण रात्रभर नाक खाजवत होती, आम्हाला वाटलं अ‍ॅलर्जी. सिस्टर म्हणाल्या, याने होतंच. लघवीही अडली, नळी घालावी लागली. तरी गुडघा परवडला!

धागाकर्ती :
खूप आभार. मशीन खाली काढलंय, रिपोर्ट शोधतेय. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्याने काही फरक पडतो?

प्रतिसाद १ :
पडतो! गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते आजच फोन करून कळवा. कमरेत सुई टोचणं, एपिड्यूरलची नळी घालणं, काढणं, सगळं त्या वेळेवर ठरतं. मनानेच बंद मात्र करू नका, हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा.