मदत हवी आहे : तुतीतलं डीएनजे यीस्टच्या एन्झाइमवर चालत नाही

नमस्कार. मी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या माझ्या दोन विद्यार्थिनींचा प्रकल्प अडला आहे. पोरी जीव तोडून काम करतायत, म्हणून जाणकारांना विनंती.

विषय आहे १-डीऑक्सीनोजिरिमायसिन, म्हणजे डीएनजे. रेणू जवळजवळ ग्लुकोजच, पण कड्यातल्या ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन. साखर तोडणारं एन्झाइम त्याला ग्लुकोज समजून धरतं आणि अडकून बसतं. १९६६ साली हा रेणू प्रयोगशाळेत तयार झाला, १९७६ मध्ये तुतीच्या मुळांच्या सालीत सापडला. मधुमेहाचं मिग्लिटॉल हे औषध याच्यापासूनच निघालं. एकीच्या घरी रेशीमशेती असल्यामुळे पाला हवा तेवढा मिळतो. (रेशीमअळी हाच पाला खाऊन वाढते, कारण तिच्याकडे डीएनजेला दाद न देणारं वेगळं सुक्रेज आहे. मला हे फार विलक्षण वाटतं.)

अडचण अशी. यीस्टचं अल्फा-ग्लुकोसिडेज (हेच ते साखर तोडणारं एन्झाइम) आणि पीएनपीजी, म्हणजे एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन, घेऊन ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजतो. पाल्याचा कच्चा अर्क घातला की रंग छान दबतो. तोच अर्क कॅटायन रेझिनवरून (धनभारित रेणू धरून ठेवणारे मणी) नेऊन, विरल अमोनियाने उतरवून शुद्ध केला की परिणाम जवळपास नाहीसा! तुलनेला घेतलेलं अकार्बोज हे मधुमेहाचं औषधही फिकंच पडतं. मग एन्झाइम बदलायचं का? उंदराच्या आतड्याची पावडर आमच्या बजेटबाहेर आहे. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं आतडं आणलं तर चालेल?

दुसरं, टेट्राबेंझिल ग्लुकोजपासून (चार ठिकाणी बेंझिल गट लावून झाकलेलं ग्लुकोज) डीएनजे बनवायचं चाललंय. क्षपण, स्वर्न ऑक्सिडेशन, मग अमोनियम फॉर्मेट आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइडने कडं बंद, इथपर्यंत ठीक. शेवटी पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजनने बेंझिल काढताना अभिक्रिया अर्ध्यातच थांबते.

प्रतिसाद :

मॅडम, तुमचं रेझिन बरोबर काम करतंय. कच्च्या अर्कात यीस्टचं एन्झाइम दाबत होते ते क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड, आणि ते धुण्यातच निघून गेले. डीएनजे काय किंवा अकार्बोज काय, यीस्टवर दोन्ही कमजोर. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या माल्टेज-सुक्रेजवर मात्र जबरदस्त. त्यामुळे एन्झाइम बदलाच.

पण बकरा नको. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सुक्रेज जवळपास नसतंच. कोंबडीचं घ्या, तिच्यात माल्टेज आणि सुक्रेज दोन्ही असतात. लहान आतडं ताजं घेऊन बर्फावर ठेवा, आतला थर काचपट्टीने खरवडा, थंड फॉस्फेट बफरमध्ये घोटून सेंट्रिफ्यूज करा. ट्रिस बफर अजिबात वापरू नका, तो स्वतःच सुक्रेजला अडवतो आणि तुमचे आकडे बिघडतील. सब्स्ट्रेट (एन्झाइमने तोडायचा पदार्थ) म्हणून पीएनपीजीऐवजी माल्टोज आणि सुक्रोज वेगवेगळे घ्या. सुटलेलं ग्लुकोज पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरतात त्या जीओडी-पीओडी किटने (ग्लुकोज रंगावरून मोजणारं किट) मोजा. मोजण्याआधी नळी उकळत्या पाण्यात धरून एन्झाइम मारायला विसरू नका, नाहीतर ग्लुकोज वाढतच राहील. अर्कात तुतीच्या पानातली साखर उरली असेल तर तिचा ब्लँकही (एन्झाइम न घालता केलेलं मोजमाप) वेगळा लावा.

बेंझिलचं म्हणाल तर मोकळं अमाइन, म्हणजे डीएनजेतला नायट्रोजनचा भाग, पॅलेडियमला चिकटून त्याला निकामी करतं. मिथेनॉलमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, म्हणजे अमाइनचा क्षार होईल आणि अभिक्रिया पुढे सरकेल. डीएनजे हायड्रोक्लोराइड म्हणून मिळेल, ते पुन्हा त्याच रेझिनवरून न्या.