'अचूकता', 'संवेदनशीलता' आणि 'विशिष्टता' : फरक काय?

धडगावला भाचीची शाळेत सिकलसेलची (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली, पॉझिटिव्ह आली, घरात रडारड सुरू. कोणीतरी सांगितलं टेस्ट ९५ टक्के अचूक आहे म्हणजे आजार ९५ टक्के पक्का. असंच असतं का? आणि संवेदनशीलता, विशिष्टता म्हणजे काय वेगळं?

भाऊ, आधी घरी फोन करून धीर द्या. शाळेत बहुतेक सोल्युबिलिटी टेस्ट करतात, नळीतलं पाणी गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. वाहक (म्हणजे आई-वडलांपैकी एकाकडूनच दोष आलेला) कोण नि आजारी कोण हे त्यात कळतच नाही, त्याला एचपीएलसी नाहीतर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते, ती करून घ्याच. नुसती वाहक असली तर पोरगी सहसा ठणठणीत राहते, लग्न जुळवताना मात्र मुलाचीही तपासणी हवी.

आता शब्द. ज्यांच्यात दोष आहे त्यातले किती जण टेस्टने पकडले ती संवेदनशीलता, ज्यांच्यात नाही त्यातले किती जण निगेटिव्ह दाखवले ती विशिष्टता. १९४७ मध्ये येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने छातीच्या एक्स-रेवरून क्षय ओळखण्याच्या संदर्भात हे दोन शब्द वापरले. पण तुम्ही विचारताय ते तिसरंच, पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे किती.

हिशेबापुरते आकडे घ्या. संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९५. हजारात १० जणांत दोष असेल तर ९ सापडतील, पण उरलेल्या ९९० पैकी जवळपास ५० जण उगाच पॉझिटिव्ह येतील, म्हणजे ५९ मधले खरे फक्त ९! तीच टेस्ट हजारात २०० जणांत दोष असलेल्या गावात नेली तर १८० खरे नि ४० खोटे. टेस्ट बदलली नाही, गाव बदललं. म्हणून हा दोष जास्त आढळतो त्या सातपुड्यातल्या पाड्यावरच्या पॉझिटिव्हचं वजन नि जळगाव शहरातल्या पॉझिटिव्हचं वजन सारखं धरू नका, आणि नुसतं 'अचूक' कोणी म्हटलं तर कशात अचूक ते विचारा.

ताई, मग निगेटिव्ह आली तर बिनधास्त राहायचं ना?

संवेदनशीलता चांगली असेल तर बऱ्यापैकी हो. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथे सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, नुकतंच रक्त चढवलं असेल तरी तेच. अशा वेळी त्या निगेटिव्हवर थांबू नका भो, डॉक्टरांना विचारून पुढची तपासणी कधी करायची ते ठरवा.